काळ्या पाण्यावर गेलेल्या घरफोड्याचा माग

‘काळे पाणी’ म्हटले की अंदमानचा सेल्युलर तुरुंग आणि तेथील राजबंदी डोळ्यांपुढे येतात. तो तुरुंग १९०६ साली पुरा झाला. त्यापूर्वी कित्येक दशके मुंबई इलाख्यातून समुद्रापार धाडले गेले ते बहुतांशी सामान्य गुन्हेगार होते : दरोडेखोर, घरफोडे, खुनी. राजबंद्यांची चरित्रे लिहिली गेली. घरफोड्याचे चरित्र सरकारी वहीतील एका ओळीत आटोपले. वसईजवळच्या कळंबसारख्या किनारी गावातून असा कोणी गेला असेल, तर ती ओळ शोधावी लागते.

शोधाचा पहिला धागा म्हणजे शिक्षेचे साल. १८६२ पूर्वी मुंबई बेटावरील खटले सुप्रीम कोर्टापुढे चालत, तर ठाणे जिल्ह्यातील गुन्हे कंपनीच्या अदालतीपुढे. त्यामुळे कळंबच्या माणसाने चोरी गिरगावात केली की गावात, यावर त्याचे दप्तर ठरते. १ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंडसंहिता अमलात आली. चोरीसाठी रात्री घर फोडणाऱ्यास कलम ४५७ अन्वये चौदा वर्षांपर्यंत कैद होती; आणि सात वा अधिक वर्षांच्या कैदेस पात्र गुन्ह्यात कैदेऐवजी हद्दपारी देण्याची मुभा कलम ५९ ने न्यायाधीशास दिली होती. घरफोड्या काळ्या पाण्यावर जाई तो या वाटेने. हे कलम १९५५ च्या दुरुस्तीने रद्द झाले.

दुसरा धागा गावाच्या नावाचा, आणि येथेच शोध हमखास चुकतो. इंग्रजी दप्तरात वसई म्हणजे ‘बसीन’. पण ब्रह्मदेशातही एक बसीन आहे आणि ब्रह्मदेशातही हिंदुस्थानी कैदी पाठविले जात. कळंब नावाची गावे तर यवतमाळ आणि धाराशिव जिल्ह्यांतही आहेत. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. जुन्या कागदांत शोधायचे ते ठाणे, तेही कारकुनाच्या कानाला भावलेल्या वर्णलेखनात. स्थानिक कागद बहुधा मोडीत असल्याने एकच नाव दोन लिप्यांत दोन रूपे घेते. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात न्याय खात्याचे जुने खंड आहेत. आरंभ तेथूनच करावा.

मग प्रश्न येतो, जहाज कोठे गेले? १८१५ ते १८३७ या काळात बंगाल व मुंबईतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले. ते प्रामुख्याने रस्तेबांधणीवर राबले. १८३६ साली तेथे उतरलेल्या चार्ल्स डार्विनने त्यांची दखल आपल्या प्रवासवर्णनात घेतली आहे. उरलेल्यांची १८५३ साली मुक्तता झाली. पेनांग, मलाक्का व सिंगापूर ही दुसरी दिशा. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज चर्च अशाच हातांनी उभारले. वाहतूक एकेरी नव्हती, हेही नमूद करावयास हवे : महाबळेश्वरच्या तुरुंगात १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैदी होते आणि ते तेथे भाजीपाला पिकवीत.

मार्च १८५८ मध्ये अंदमानची वसाहत सुरू झाली आणि पुढे हद्दपारीचा मुख्य ओघ तिकडे वळला. १८७३ साली सिंगापूरची बंदीशाळा मोडली, तेव्हा शिक्षा बाकी असलेले कैदीही अंदमानास हलविले गेले. म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणच्या वह्यांत आढळू शकतो.

या वह्यांत कैद्याचे नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरील खुणा, गुन्हा व शिक्षेची तारीख अशी माहिती असे. पळून गेल्यास ओळख पटावी, हा त्यातला हेतू. परंतु छायाचित्र नसलेल्या माणसाचा चेहरा आज कळतो तो याच खुणांवरून. अंदमानात गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर क्रमांक, कलम आणि शिक्षेची तारीख कोरलेली असे. चांगल्या वर्तणुकीवर काही वर्षांनी स्वतःच्या मिळकतीवर राहण्याची परवानगी मिळे. अनेकांनी तेथेच, बहुधा कैदी स्त्रियांशी, संसार थाटले. त्यांचे वंशज आज हिंदुस्थानी बोलतात. वहीत आडनाव क्वचितच असल्याने मूळ गाव शोधू पाहणाऱ्या वंशजाला हाच प्रवास उलटा, त्या क्रमांकापासून ठाण्याच्या निकालपत्रापर्यंत करावा लागतो.