तंजावरच्या राजाचा जर्मन पालक

प्रशियातील सोनेनबुर्ग गावी १७२६ साली जन्मलेला ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा ल्यूथरपंथी मिशनरी १७५० मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील त्रांकेबार या डॅनिश वसाहतीत उतरला. मायदेशी तो पुन्हा कधीच गेला नाही, लग्नही केले नाही. उत्तरायुष्य त्याने भोसल्यांच्या तंजावरात काढले. तमिळ त्याला येतच होती; दरबारासाठी तो मराठीही शिकला. कोलहॉफ या सहकाऱ्याच्या मुलाला त्याने पुत्रवत वाढवले. दुसरा मुलगा त्याच्या पदरात पडला तो थेट राजवाड्यातून.

१७८७ साली मरणासन्न तुळजाजी राजांनी (दुसरे) सुमारे दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झने त्यांचे पालक व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. त्याने नकार देऊन राजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांचे नाव सुचवले. हा सल्ला मुलाला फार महागात पडला. दत्तकविधान अवैध असल्याचा पंडितांचा निवाडा पुढे करून इंग्रजांनी अमरसिंगांनाच गादीवर बसवले. (पुढे इतर पंडितांनी नेमका उलटा कौल दिला. शास्त्र तेच, पंडित निराळे!) सरफोजी कोंडले गेले, शिक्षण थांबले. श्वार्ट्झ कंपनी सरकारकडे दाद मागत राहिला. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. चारच महिन्यांनी सरफोजी गादीवर आले. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीने गिळला. ज्या दारी श्वार्ट्झने न्याय मागितला, तेथे न्यायाचीही किंमत वसूल होत असे.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. तरीही त्यांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या चर्चमधील त्या शिल्पात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झचा हात सरफोजींनी हाती घेतला आहे. कबरीवरच्या इंग्रजी ओळीही त्यांच्याच आहेत.