काडीमोड झाली, पण कागद कुठे आहे? विभक्त आई-वडिलांच्या मुलांच्या हक्काचा इतिहास

१/ आई-वडील विभक्त झाले, तर मुलाच्या भाकरीची जबाबदारी कोणाची? बापाची, आईची, जातीची की सरकारची? भंडारा जिल्ह्यापुरते पाहिले तरी गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. प्रत्येक उत्तरामागून एक प्रश्न मात्र येतच राहिला : पुरावा काय? आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/ नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि धान, तलाव व कोशासाठी प्रसिद्ध असलेला हा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्या काळी इथे पती-पत्नींचे विभक्त होणे नवलाचे नव्हते. अनेक शेतकरी व श्रमिक जातींत ते रूढीने मान्य होते. त्याचे नाव काडीमोड.

३/ पंचांसमोर गवताची काडी मोडली की संबंध तुटला. स्त्रीला पुन्हा पाट लावता येई. मुले कोणाकडे राहतील, हेही पंचच ठरवीत. निर्णय बहुधा तोंडी असे. तो साक्षीदारांच्या स्मरणात राही, दप्तरात नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

४/ इंग्रजी कायद्याने वेगळी वाट धरली. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि पुढे १८७२ व १८९८ च्या संहितांत (१८९८ चे कलम ४८८) तरतूद झाली : ऐपत असून बाप मुलाला पोसत नसेल, तर दंडाधिकारी दरमहा रक्कम ठरवून देईल. मूल औरस असो वा अनौरस.

५/ ही तरतूद दिवाणी कायद्यात न येता फौजदारी संहितेत का आली? कारण तिच्यामागे करुणेपेक्षा बंदोबस्ताचा विचार अधिक होता. विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तिच्याकडे भटकेपणाला आळा घालण्याचा उपाय म्हणूनच पाहिले. उपाशी मूल सरकारच्या नजरेस पडले, ते प्रथम सार्वजनिक उपद्रवाची शक्यता म्हणून.

६/ आता आकडे पाहू. पोटगीची कमाल मर्यादा आरंभी दरमहा ५० रुपये होती. १९२३ मध्ये ती १०० आणि १९५५ मध्ये ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेतील कलम १२५ नेही ५०० चाच आकडा ठेवला. केंद्रीय कायद्यातून ही मर्यादा हटली थेट २००१ मध्ये. १९५५ चे ५०० आणि २००० चे ५०० यांतला फरक सांगायला अर्थशास्त्री नको.

७/ शिवाय कायद्यात ‘एकूण’ असा शब्द होता. म्हणजे बायको आणि तीन मुले मिळून ५०० का? १९७८ मध्ये रमेशचंद्र कौशल विरुद्ध वीणा कौशल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : मर्यादा प्रत्येक दावेदाराला स्वतंत्र आहे. मुलाचा वाटा आईच्या वाट्यातून कापायचा नाही.

८/ १९९७ च्या नूर सबा खातून खटल्यात हाच धागा पुढे गेला. घटस्फोटित मुस्लिम आईसाठी १९८६ चा वेगळा कायदा असला, तरी मुलांचा कलम १२५ खालील हक्क त्यामुळे संपत नाही, असा तो निर्णय. आई-वडिलांचे नाते कसे तुटले, यावर मुलाची भूक अवलंबून नाही, हे तत्त्व हळूहळू रुजत होते.

९/ दरम्यान १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने न्यायालयीन घटस्फोट आणला. मात्र कलम २९(२) अन्वये रूढीने होणारा घटस्फोटही कायम ठेवला. म्हणजे काडीमोड वैध राहिली! पण हुकूमनाम्याची प्रत जशी हाती येते, तसे काडीमोडीचे काय दाखवणार? १९५६ मध्ये भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हा प्रश्नही सोबत आला.

१०/ बाप देतच नसेल तर? इथे सरकारी तिजोरीचा प्रवेश होतो. ब्रिटनमध्ये १९४५ च्या कुटुंब भत्ता कायद्याच्या मसुद्यात पैसे बापाच्या नावे होते. एलिनॉर रॅथबोन यांच्या आग्रहामुळे ते आईला देण्याचे ठरले. पैसा मुलासाठी असला, तरी तो कोणाच्या हाती पडतो यावर मुलाचे जेवण ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

११/ महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. पोटगी न मिळणाऱ्या वा अपुरी मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रिया तिच्या कक्षेत आल्या. पुढे काही काळ तर मुलांच्या संख्येनुसार अनुदान वाढे : एकट्या विधवेला १०००, एक मूल असल्यास ११००, दोन असल्यास १२०० रुपये. एका मुलाची किंमत, महिना १०० रुपये.

१२/ आणि जिला नवऱ्याने नुसतेच टाकले, ती? मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटाचा हुकूमनामा असतो. टाकून दिल्याचा कागद नसतो. १९८८ मध्ये संगमनेरात निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली, ती याच पोकळीवर बोट ठेवण्यासाठी. शिधापत्रिका, निवारा, पोटगी या मागण्यांच्या मुळाशी कागदाचाच प्रश्न होता.

१३/ मुलासाठी सही कोणाची चालेल, हाही प्रश्नच होता. गीता हरिहरन यांनी अल्पवयीन मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून सही केली, ती रिझर्व्ह बँकेने स्वीकारली नाही. बाप प्रत्यक्षात मुलाचा सांभाळ करीत नसेल, तर तो हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

१४/ या पार्श्वभूमीवर राज्याच्या बालसंगोपन योजनेतील कारणांची यादी वाचावी : मृत्यू, घटस्फोट, विभक्त होणे, परित्याग, अविवाहित मातृत्व, गंभीर आजार. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे, मंजुरी बाल कल्याण समितीची. दरमहा ४२५ रुपयांचे २०२१ मध्ये ११०० झाले, २०२३ मध्ये २२५०. आता योजनेला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे.

१५/ रकमेहून मोठा बदल त्या यादीत आहे. ‘विभक्त होणे’ आणि ‘परित्याग’ हे शब्द घटस्फोटाच्या शेजारी बसले, म्हणजे प्रश्न ‘नाते कायद्याने तुटले का?’ इथून ‘मूल कोणत्या स्थितीत आहे?’ इथवर आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नावही अनिवार्य झाले. तोही याच प्रवासाचा टप्पा.

१६/ तरीही दाखला, आधार, उत्पन्नाचे प्रमाणपत्र यांसाठी मोलमजुरी बुडवून तहसिलीत खेटे घालणारी आई साकोलीत दिसेल, पवनीतही दिसेल. तोंडी तुटलेल्या नात्याचा लेखी पुरावा मिळवण्याचा भार अजूनही तिच्यावरच पडतो. कायद्याने मुलाचा हक्क मान्य केला, हा इतिहासाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा त्या खिडकीपाशी अजून घडतो आहे.

आपल्या परिसरात काडीमोडीच्या आठवणी सांगणारी वडीलधारी मंडळी असतील, तर त्या जरूर नोंदवून ठेवा. दप्तरात हा इतिहास फार थोडा सापडतो. (समाप्त)