हॉटेलात ठरलेला डॉलर

स्वेटर घ्या सोबत. जुलै असला तरी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या डोंगरात रात्री गारठा पडतो. तुम्ही उतरताय ते माउंट वॉशिंग्टन हॉटेल गेली दोन वर्षं बंद होतं. पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, रंगाचा ताजा वास. पण काही नळ बंद होत नाहीत आणि काही खिडक्या उघडत नाहीत. गावाचं नाव ब्रेटन वुड्स, साल 1944. नॉर्मंडीत फौजा उतरून जेमतेम महिना झालाय. युद्ध संपलेलं नाही, आणि 44 देशांची सातशेच्या वर माणसं युद्धानंतरच्या जगाचा पैसा कोणत्या नियमांनी चालेल ते लिहायला बसली आहेत. चिठ्ठ्या घेऊन बॉय स्काउटची पोरं पळताहेत. तुम्हाला कोणी हटकणार नाही. लघुलेखकांच्या बाकावर जागा धरा.

भारताचं शिष्टमंडळ पाहून घ्या. प्रमुख आहेत सर जेरेमी रेझमन, व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य. शेजारी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. मग षण्मुखम चेट्टी, जे तीन वर्षांनी स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री होतील. आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ, ज्यांचं नाव याच वर्षीच्या 'बॉम्बे प्लॅन' या उद्योगपतींच्या विकास-आराखड्यावर आहे. भारत इथे सावकार म्हणून आला आहे. ब्रिटन त्याचा ऋणको. आणि सावकाराच्या बाजूचा मुख्य माणूस ऋणकोच्याच घरचा! तुम्हाला हसू येईल. त्या खोलीत कोणाला आलेलं दिसत नाही.

हे कर्ज झालं कसं? ब्रिटनने युद्धासाठी भारतातून कापड, धान्य, तंबू, माणसं उचलली. मोबदला म्हणून लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा दाखवले. त्या पौंडांच्या आधारावर भारतात नोटा छापल्या गेल्या. नोटा वाढल्या, माल मात्र युद्धावर गेलेला, म्हणून भाव कडाडले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्यामागच्या कारणांत ही महागाईही होती. लंडनच्या वहीतला आकडा मात्र फुगत राहिला. युद्ध संपून हिशेब होईपर्यंत तो 130 कोटी पौंडांच्या घरात जाईल. हे पौंड डॉलरमध्ये बदलता येत नाहीत, आणि यंत्रसामग्री मिळणार आहे ती अमेरिकेत.

10 जुलै. पहिल्या आयोगाची बैठक, अध्यक्ष अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट. भारताची मागणी साधी आहे: या थकबाकीचा निदान काही भाग नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत, सगळ्या चलनांत बदलून घेता यावा. इजिप्त पाठीशी आहे, त्याचेही पौंड असेच अडकलेत. श्रॉफ उठतात. आमची अवस्था बँकेत दहा लाख डॉलर असलेल्या, पण टॅक्सीचं भाडं द्यायला सुटे पैसे नसलेल्या माणसासारखी आहे, असं ते सुनावतात. मग ब्रिटनतर्फे जॉन मेनार्ड केन्स बोलतात. कान देऊन ऐका, इतका गोड नकार क्वचित ऐकायला मिळतो. भारतीय मित्रांचे आभार. हे देणं आम्ही सन्मानाने फेडू. मात्र हा आमचा आणि धनकोंचा आपसातला मामला आहे. निधीने त्यात पडू नये. अमेरिकेचाही कल तिकडेच. मागणी बारगळते.

मध्ये एक संध्याकाळ मोकळी आहे, तेव्हा निधीतल्या वर्गणीच्या कोट्याची गोष्ट ऐका. कोण किती भरणार यावर कोणाला किती मतं हे ठरतं, त्यामुळे भांडणं इथेच सर्वांत जास्त. सूत्र शास्त्रशुद्ध आहे, असं प्रत्येकाला सांगितलं जातंय: राष्ट्रीय उत्पन्न, सोनं, व्यापार वगैरे. खरी हकीकत अशी की वर्षभरापूर्वी व्हाइट यांनी रेमंड मायकसेल या तरुण अर्थतज्ज्ञाला आधी उत्तर सांगितलं. अमेरिका पहिली, ब्रिटन तिच्या निम्म्याच्या आसपास, मग रशिया, मग चीन. त्या क्रमाला जुळेल असं गणित तू बसव! त्याने बसवलं. अंतिम यादीत अमेरिका 275 कोटी डॉलर, ब्रिटन 130, रशिया 120, चीन 55, फ्रान्स 45, आणि सहावा भारत, 40 कोटी. संचालक नेमायचा हक्क पहिल्या पाचांनाच. पुढे रशियाने करार मान्य केला नाही म्हणून भारत पाचव्या जागी सरकला.

आता 13 जुलैची दुपार. या दुपारसाठीच तुम्हाला इथे आणलं आहे. केन्स या खोलीत नाहीत. व्हाइट यांनी त्यांना जागतिक बँकेच्या आयोगाचं अध्यक्ष करून दुसरीकडे गुंतवलंय. मसुद्यात 'सोन्यात बदलता येणारं चलन' असे शब्द वारंवार येतात. असं चलन म्हणजे नेमकं कोणतं, हे कोणी विचारत नाही. भारताचा प्रतिनिधी विचारतो. अमेरिकेने एकदाची व्याख्या द्यावी, म्हणतो. प्रश्न अगदी रास्त आहे, कुठलाही वकील हाच विचारेल. उत्तर ब्रिटिश शिष्टमंडळातल्या डेनिस रॉबर्टसन यांच्याकडून येतं: सरळ 'सोनं आणि अमेरिकन डॉलर' असं लिहावं. व्हाइट यांच्या लोकांना नेमकं हेच हवं होतं, पण ते स्वतः म्हणायची पाळीच आली नाही. विषय मसुदा समितीकडे जातो.

ओरडावंसं वाटेल तुम्हाला. ओरडू नका, ऐकू जाणार नाही.

करारात मग कलम आलं: प्रत्येक देशाने आपल्या चलनाचं मूल्य सोन्यात सांगावं, किंवा 1 जुलै 1944 रोजीच्या वजनाच्या व शुद्धतेच्या अमेरिकन डॉलरमध्ये. एका औंसाला 35 डॉलर. एका देशाचं चलन जगाच्या मोजमापात कायद्याने जाऊन बसलं. 22 जुलैला सह्या झाल्या. शेवटचा मसुदा सलग वाचायला मिळण्याआधीच आपण सही केली, हे केन्स यांनी नंतर स्वतः कबूल केलं. माझ्या मते परिषदेबद्दलचं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. भाषणं गाजली ती केन्स यांची, मसुदा लिहिला तो व्हाइट यांच्या माणसांनी.

भारताच्या पदरात काय पडलं? निधीच्या उद्दिष्टांत मागास देशांच्या विकासाचा उल्लेख व्हावा म्हणून शिष्टमंडळ भांडलं. त्यातून सर्व सदस्यांच्या उत्पादक साधनांचा विकास, एवढे सर्वसाधारण शब्द राहिले. अडकलेले पौंड पुढे वाटाघाटींतून हप्त्याहप्त्याने सुटले.

परत निघा. वाटेत 15 ऑगस्ट 1971 ला क्षणभर थांबा: अध्यक्ष निक्सन डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद करताहेत. सोन्याचा आधार गेला, डॉलर जागेवरच राहिला. मग 1991 ला थांबा: भारत परकीय चलनासाठी सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवतोय.

आता घरी. निधीचे सर्वांत महत्त्वाचे निर्णय 85 टक्के मतांनी होतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून अधिक मतं आहेत, म्हणजे तिला नको ते होत नाही. 1944 च्या यादीत अखंड भारताचा वाटा साडेचार टक्के होता. आज भारताचा वाटा पावणेतीन टक्के आहे.