काजवे, कंदील आणि हायमास्ट

मे संपत आला की आमच्या घरच्या ग्रुपवर भंडारदऱ्याचे फोटो येऊ लागतात. झाडंच्या झाडं लखलखलेली. खाली कुणीतरी विचारतं, "जायचं का यंदा?" मग पुण्याहून किती तास, तंबूचे किती, जेवण धरून का, वगैरे. गंमत अशी की विचारणारे सगळे हिंगोली जिल्ह्यातले, आणि आमच्यातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने कयाधूच्या खोऱ्यात काजवे फुकट बघितलेले आहेत.

भंडारदऱ्याला नावं ठेवत नाही मी. प्रवरेवरच्या त्या धरणाचं काम 1910 मध्ये सुरू झालं, 1926 मध्ये संपलं. भोवतीचं रान 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तिथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अजून उभे आहेत, म्हणून काजवे आहेत. घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या लोकांना वर्षातले ते तीन आठवडे चार पैसे मिळतात, आणि तेही रास्तच. त्रास होतो तो शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या रांगांचा, प्रखर हेडलाइटचा, झाडाखाली उभं राहून मारलेल्या फ्लॅशचा. वनखातं दरवर्षी सूचना काढतं, आपण दरवर्षी त्या वाचतो... असो.

मला सांगायचं आहे ते आपल्याकडचं. आपल्याकडे काजवे गेले कसे, याची कुठे नोंद नाही. उजेडाचा इतिहास लिहिला जातो, अंधाराचा कोण लिहिणार? हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तिथे कंदील असतील. गावात मात्र तेलाची चिमणी, तीही जेवणापुरती. आजी सांगायची, 1948 साली रझाकारांच्या धाकाने बायापोरं रात्री शिवारात लपायची. दिवा लावायची सोय नव्हती. मिरगाच्या सुमाराला ओढ्यात काजवे इतके निघाले की लहान पोरं हसायला लागली, आणि मोठ्यांनी हात ठेवून त्यांची तोंडं दाबली. पोलीस ॲक्शनची, 17 सप्टेंबरची गोष्ट ती फार सांगत नसे. हीच सांगायची.

वीज आली ती महाराष्ट्र झाल्यावर. आधी वेशीत एक खांब, मग आखाड्यावर मोटारी. तरी काजवे टिकले होते. पुढे भारनियमनाला आपण सगळ्यांनी शिव्या दिल्या, काजव्यांनी बहुधा दिल्या नसतील :-)

म्हणजे दोष नुसत्या विजेचा नाही. काजवा आपल्याला उडताना दिसतो ते त्याचं शेवटचं दोन-तीन आठवड्यांचं आयुष्य. त्याआधी कित्येक महिने तो अळी असतो. ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली राहतो आणि गोगलगायी खातो. (सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोगलगायी पडल्या म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.) मग मिरगाच्या आगेमागे नर लुकलुकत फिरतो, आणि मादी खाली गवतातून, झुडपातून उत्तर देते. काही जातींत तर मादीला उडताच येत नाही. जिथे जन्मली तिथेच तिचा संसार. ओढ्याचा काठ उकरला की ती दुसरीकडे जाऊ शकत नाही, संपते.

आमच्या ओढ्याचं खोलीकरण झालं तेव्हा काठाचे करंज, उंबर, शिंदी सगळं गेलं. विहिरीला पाणी वाढलं हे खरं, मी नाकारत नाही. पण उघड्या मुरमावर अळी कुठे राहणार? धुऱ्यावरचं गवत पूर्वी बाया विळ्याने कापून म्हशीला न्यायच्या. आता म्हशी नाहीत, मजूर मिळत नाही, तणनाशकाचा एक पंप मारला की धुरा पिवळा. जगभरच्या तज्ज्ञांना विचारून 2020 साली एक पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात काजव्यांना असलेले मोठे धोके हेच निघाले: अधिवास जाणं, रात्रीचा कृत्रिम उजेड, कीटकनाशकं.

माणसाने काजव्यांवर याआधीही हात टाकलेला आहे. 1947 मध्ये अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय नावाच्या शास्त्रज्ञाने पोरांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट दिले, प्रकाश कसा तयार होतो ते शोधायला. जपानात मोरियामा गावचे काजवे व्यापारी पकडून मोठ्या शहरांत विकत. 1924 साली सरकारने तिथले काजवे नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केले, तरी ते पुढे नाहीसे झाले. कागदावर काजवा राखला, ओढा राहिला नाही. नंतर गावकऱ्यांनी आधी पाणी आणि काठ सुधारले, मग काजवे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आपल्या गावात ओढ्याच्या वळणावर हायमास्ट बसवायचं घाटत आहे. दादाच्या वावराच्या खालच्या अंगाला शंभर-दीडशे पावलांचा काठ अजून शाबूत आहे. तिथे गेल्या जूनमध्ये मी एका ठिकाणी उभं राहून साठपर्यंत मोजले. मी फोनवर वहिनींना म्हटलं, दिवा नको. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पुण्यात बसून बोलता. इथं बायाला रात्री तिकडून यावं लागतं. मण्यार चावल्यावर काजवे येनार हायत का दवाखान्यात न्यायला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. अंधार कुणाच्या जिवावर राखायचा, हा प्रश्न भंडारदऱ्याला जाणाऱ्यांना पडत नाही, कारण ते दुसऱ्या दिवशी घरी जातात. पण वाटेला उजेड हवा म्हणजे आकाशाला आणि ओढ्याला हवा असं नाही. हायमास्टऐवजी वाटेवर चार बुटके खांब, वरून टोपी, उजेड फक्त पायाखाली. हे वहिनींना पटलं. दादाने काठाला लागून दहा हात पट्टा फवारायचा नाही असं कबूल केलं आहे, यंदापुरतं. गवत कापायची मजुरी आपण चौघा भावंडांनी वाटून द्यायची, असं माझं म्हणणं आहे. भंडारदऱ्याच्या एका तंबूपेक्षा ती जास्त होणार नाही.

ग्रामसभेत ठराव येण्याआधी खांबांच्या खर्चाचा अंदाज लागेल. आपल्यापैकी कुणी विजेच्या कामातलं असेल (नांदेडचे मामा, तुम्हीच!) तर जरा कळवा.