महारोहिणीचें माप : चिनी वैद्यकांतील एक दीर्घ शोध

मनुष्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यांतून एक मोठी रक्तवाहिनी निघते. ती छातींत कमानीसारखी वळते व पाठीच्या कण्यालगत पोटांत उतरते. तिला महारोहिणी किंवा महाधमनी म्हणतात. विश्रांतीच्या वेळीं दर मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त तिच्या वाटेनें सर्व शरीरास पोंचतें. प्रौढ माणसांत हृदयाजवळ तिचा व्यास साधारणपणें ३ ते ३.५ सेंटिमीटर व पोटांत सुमारें २ सेंटिमीटर असतो. ही नळी प्रमाणाबाहेर रुंदावली, तर तिची भिंत दुबळी होते. आणि ती फुटली, तर बहुधा वैद्याला बोलावण्यासही अवधि मिळत नाहीं. म्हणून तिचें माप हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. चीन देशानें शरीरांतील वाहिन्यांचें माप घेण्याचा प्रयत्न दोन हजार वर्षांपूर्वींच केला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ पीतसम्राटाच्या नांवावर मोडतो. जिवंत माणूस बाहेरून मोजावा आणि मृताचें शरीर उघडून त्यांतील इंद्रियांचा आकार व वाहिन्यांची लांबी पाहावी, असा विचार त्यांत आढळतो. इ. स. १६ मध्यें तो विचार प्रत्यक्षांत आला, पण फार क्रूर रीतीनें. राज्य बळकावून सम्राट झालेल्या वांग मांगनें वांगसुन छिंग नांवाच्या एका बंडखोरास पकडलें व राजवैद्य आणि एक कुशल खाटीक यांच्याकडून त्याचें शरीर फाडविलें. इंद्रियें मोजण्यांत आलीं. वाहिन्यांत बांबूच्या बारीक काड्या घालून त्या कोठें सुरू होतात व कोठें संपतात तें पाहण्यांत आलें. या ज्ञानानें रोग बरे करतां येतील, असें त्या वेळीं सांगण्यांत आल्याची नोंद हान राजवंशाच्या इतिहासांत आहे. ज्ञानाची इच्छा खरी असेल. परंतु तिचा आरंभ सुडांतून झाला होता.

ही वाट पुढें रुळली नाहीं. आईबापांकडून मिळालेलें शरीर अखंड राखणें हें पुत्राचें पहिलें कर्तव्य, अशी कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण होती. अशा समाजांत प्रेत उघडणें म्हणजे मृतास दुसऱ्यांदा मारणेंच होय. वैद्यांनीं मग सर्व भिस्त मनगटावर ठेवली. तीन बोटांखालीं लागणाऱ्या नाडीचे नाना प्रकार त्यांनीं वर्णिले, आणि तिसऱ्या शतकांत वांग शूहनें त्या विद्येचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. नाडीचा ठोका ज्या महारोहिणीच्या ताणांतून उमटतो, ती मात्र दृष्टीआडच राहिली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस एका वैद्यास हें अज्ञान असह्य झालें. त्याचें नांव वांग छिंगरन. त्याचा जन्म १७६८ मध्यें उत्तर चीनमध्यें झाला. १७९७ मध्यें लुआनचौ प्रांतांत मुलांमध्यें सांथ पसरली. गरिबांचीं मृत मुलें चटयांत गुंडाळून उथळ खड्ड्यांत पुरलीं जात आणि कुत्रीं तीं उकरून काढीत. रोज पहाटे वांग तेथें जाई. प्रथम त्याला दुर्गंधीमुळें नाक दाबावें लागे. पण ग्रंथांतल्या चुका दुरुस्त करावयाच्या तर दुसरा मार्ग नाहीं, असें मनाशीं ठरवून त्यानें सुमारें दहा दिवसांत तिसांहून अधिक शरीरें न्याहाळलीं. पडदा, म्हणजे छाती व पोट यांच्या मधलें आवरण, त्याला एकाही शरीरांत धड दिसला नाहीं. त्याची माहिती त्यानें बत्तीस वर्षांनीं, १८२९ मध्यें, रणांगणावर अनेक प्रेतें पाहिलेल्या हेंग चिंग नांवाच्या एका अधिकाऱ्यास विचारून मिळविली. दुसऱ्या वर्षीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८३१ मध्यें तो वारला.

वांगनें महारोहिणी पाहिली. हृदयापासून कण्यालगत खालीं जाणारी व हातापायांना शाखा देणारी ती मोठी नळी त्यानें चित्रांत दाखविली. तथापि मृत्यूनंतर रोहिण्या बहुशः रिकाम्या होतात. त्या रिकाम्या पाहून त्यानें ठरविलें कीं, ही वायूची नळी आहे. रक्त दुसऱ्या वाहिन्यांत असतें आणि हृदयांत तर मुळींच नसतें. दोन हजार वर्षांपूर्वीं अलेक्झांड्रियांत एरासिस्ट्राटस नांवाच्या ग्रीक वैद्यानें हीच चूक केली होती. डोळ्यांनीं पाहिलेलें खरें होतें. त्यावरून काढलेलें अनुमान खोटें होतें. मेलेल्या शरीरानें जिवंत शरीराविषयीं खोटी साक्ष दिली होती. इंग्लंडांत हार्वेनें १६२८ मध्येंच रक्ताभिसरण सिद्ध केलें होतें. परंतु वांगला त्याची वार्ता नव्हती. १८५१ मध्यें बेंजामिन हॉब्सन या इंग्रज डॉक्टरानें कँटन येथें चिनी सहकाऱ्याच्या साह्यानें शरीररचनेचा ग्रंथ चिनी भाषेंत काढला, तेव्हां तें ज्ञान चिनी वाचकांपुढें आलें. वांगच्या मृत्यूस तेव्हां वीस वर्षें झालीं होतीं.

पुढील शतकांत प्रश्न बदलला. १९३८ मध्यें पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आलेले डच डॉक्टर इसिडोर स्नॅपर यांना उत्तर चीनमधील रुग्णांत रोहिण्या कठीण होण्याचा व हृदयविकाराचा रोग फार क्वचित् दिसला. १९४१ मध्यें त्यांनीं आपल्या ग्रंथांत त्याचें कारण आहारांत शोधलें : धान्य, भाज्या, वनस्पतींचें तेल, मांस व लोणी अल्प. हा निष्कर्ष वाचून चिनी माणसाचें रक्तच या रोगास दाद देत नाहीं, असें कोणास वाटणें शक्य होतें.

त्या समजुतीस उत्तर जमिनीखालून आलें. १९७२ मध्यें हूनान प्रांतांतील चांगशाजवळ मावांगदुई येथें एक थडगें उघडण्यांत आलें. त्यांत ताइच्या सरदाराची पत्नी शिन चुई हिचें शरीर दोन हजारांवर वर्षें जवळजवळ अविकृत राहिलें होतें. त्वचा मऊ होती, सांधे वळत होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डॉक्टरांनीं शवविच्छेदन केलें. पन्नाशीच्या सुमाराच्या या स्थूल व सुखवस्तु बाईच्या हृदयाच्या रोहिण्या मेदाच्या थरांनीं अरुंद झालेल्या होत्या. पित्ताचे खडे होते, आणि पोटांत शंभरावर खरबुजाच्या बिया होत्या. खरबूज खाल्ल्यानंतर कांहीं तासांतच ती हृदयविकारानें गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. रोग चिनी रक्तास अपरिचित नव्हता. तो भरल्या ताटाच्या घरीं राहत होता. स्नॅपर यांचे रुग्ण बहुतेक गरीब होते, एवढाच काय तो फरक.

पुढें तीं ताटें अनेक घरीं भरलीं. १९५८-५९ च्या देशव्यापी पाहणींत शंभरांत सुमारें ५ माणसांचा रक्तदाब अधिक आढळला. १९७९-८० मध्यें हें प्रमाण ७ वर गेलें, आणि २००२ मध्यें १८ च्या पलीकडे पोंचलें. मोजण्याचे नियम मधल्या काळांत थोडे बदलले. पण वाढ त्यामुळें खोटी ठरत नाहीं. भर पडली ती मिठाची व पुरुषांतील तंबाखूच्या व्यसनाची. रक्तदाबाचा मारा वर्षानुवर्षें सोसून महारोहिणीच्या भिंतीची लवचिकता जाते. भिंतीच्या आंतल्या पदरास चीर पडून रक्त दोन पदरांमध्यें शिरलें, म्हणजे जो भयंकर विकार होतो तो चिनी रुग्णांत सरासरीनें पन्नाशीच्या आसपास येतो. युरोप-अमेरिकेंत तो साठीच्या आसपास आढळतो. या विकारासाठीं २००३ मध्यें बीजिंगच्या सुन लीचोंग या शस्त्रवैद्यांनीं कमान बदलण्याची जी पद्धति काढली, ती आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

आज बांबूच्या काडीची गरज उरली नाहीं. ध्वनिलहरींनीं व सीटी स्कॅननें जिवंत माणसाची महारोहिणी मिलिमीटरच्या हिशेबानें मोजतां येते. वय वाढतें तशी ती रुंदावते. पुरुषांत व उंच माणसांत ती मोठी असते. वाढलेला रक्तदाबही तिला ताणतो. मधुमेहांत मात्र तिचा फुगवटा कमी प्रमाणांत आढळतो, हें एक कोडेंच आहे. ५.५ सेंटिमीटरला शस्त्रक्रिया करावी, हा हृदयाजवळच्या भागाचा नियम मुख्यत्वें पाश्चात्त्य रुग्णांच्या अनुभवावर ठरला. ठेंगण्या, सडपातळ चिनी स्त्रीस तोच आंकडा लावला, तर तिच्या शरीराच्या मानानें धोका आधींच आलेला असूं शकतो. म्हणून व्यासाबरोबर उंची व अंगलटही हिशेबांत घ्यावी, हा विचार आतां मान्य होत आहे.

वांग मांगनें वाहिनीचें माप घेतलें, पण माणसाची पर्वा केली नाहीं. वांग छिंगरननें माणसांसाठीं दुर्गंधी सोसली, पण जिवंत रक्त त्याला दिसलें नाहीं. आजच्या वैद्यास दोन्ही गोष्टी साध्य आहेत. मात्र आंकडा वाचतांना तो कोणाच्या शरीराचा आहे, हें त्यानें विसरूं नये.