युद्धोत्तर अमेरिकी घरे आणि घरतपासणी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत घरांचा प्रचंड तुटवडा होता. आधी मंदी आणि मग युद्धकाळातले निर्बंध यांमुळे जवळजवळ पंधरा वर्षे घरबांधणी रोडावलेली होती, आणि आता लाखो सैनिक परतून संसार मांडत होते. १९४४च्या कायद्याने त्यांना सरकारी हमीवर गृहकर्ज मिळू लागले आणि शहरांबाहेरच्या शेतांवर वसाहती उठल्या. १९४५ ते १९७०च्या सुमारास बांधलेली ही एकमजली ‘रँच’, बुटकी ‘केप कॉड’ किंवा अर्ध्या-अर्ध्या जिन्याने जोडलेली ‘स्प्लिट-लेव्हल’ घरे आजही हातोहात विकली जातात. सौदा ठरल्यावर, पण खरेदीखत होण्याआधी, तपासनीस दोन-तीन तास घर पाहतो. त्याच्या अहवालातले दोष केवळ वयाची झीज नसतात. कोणत्या काळात तांबे मिळत नव्हते, खर्च कुठे वाचवला गेला, कोणता माल आधुनिक म्हणून मिरवला गेला, हे त्यांतून जवळजवळ सालवार वाचता येते.

सुरुवात पायापासून होते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर विल्यम लेविट यांच्या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात लेविटटाऊनची सतरा हजारांहून अधिक घरे उभी केली. भरात असताना दिवसाला तीस घरे पुरी होत. हा वेग साधण्यासाठी तळघर वगळले गेले. स्थानिक नियमांत तळघर आवश्यक होते, पण घरांची निकड एवढी होती की नियमच बदलण्यात आला. घर थेट काँक्रीटच्या सपाट थरावर बसले आणि त्या थरातच गरम पाणी फिरवणाऱ्या तांब्याच्या नळ्या पुरल्या गेल्या. हिवाळ्यात पायाखालची फरशी उबदार राही. मात्र काही दशकांनी नळी काँक्रीटमध्ये गळू लागली की ती शोधायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. बॉयलरचा दाब उगाच उतरतो, फरशीचा एखादाच पट्टा जास्त गरम लागतो, गालिच्याखाली ओल धरते, ही गळतीची चिन्हे. अनेक मालकांनी अखेर जुन्या नळ्या तशाच सोडून भिंतीकडेने नवे हीटर बसवले.

कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर यांनी सुमारे अकरा हजार घरे बांधली. काचेच्या उंच भिंती, मधला चौक, उघड्या तुळया आणि सपाट किंवा अगदी कमी उताराचे छप्पर अशी ही घरे आज वास्तुकलेचा वारसा मानली जातात. फरशीखालची उष्णता तिथेही होती, पण कोरियन युद्धाच्या काळात (१९५०–५३) तांब्याची टंचाई झाल्याने काही घरांत पोलादी नळ्या पुरल्या गेल्या आणि त्या गंजल्या. त्यामुळे आयक्लर घर घेताना ते नेमक्या कोणत्या साली बांधले, हा प्रश्न हौसेचा राहत नाही, खर्चाचा होतो. छताला पोटमाळा नाही, म्हणून उष्णतारोधक थर घालायला जागा नाही. काच एकेरी. इंधन स्वस्त होते तोवर हे खपून गेले. १९७३च्या तेलसंकटानंतर तोच आराखडा महाग पडू लागला.

सर्वांत गंभीर नोंदी विजेच्या असतात. १९६२च्या राष्ट्रीय वीजसंहितेपूर्वीच्या बहुतेक घरांत सॉकेटला दोनच भोके, म्हणजे अर्थिंग नाही. पुढे कुणीतरी सोयीसाठी तीन भोकांचे सॉकेट बसवतो, पण मागे तिसरी तार नसतेच. तपासनिसाच्या खिशातला छोटा टेस्टर ही फसगत क्षणात उघडी पाडतो. जुनी जोडणी एखाद्या फ्रिजसाठी आणि काही दिव्यांसाठी होती, वातानुकूलनासाठी किंवा विजेच्या मोटारीसाठी नव्हती.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तांब्याचा भाव वाढला आणि साधारण १९६५ ते १९७३ या काळात असंख्य घरांत ॲल्युमिनियमच्या तारा ओढल्या गेल्या. धोका भिंतीतल्या सलग तारेत नसतो, जोडावर असतो. ॲल्युमिनियम तापले की तांब्यापेक्षा जास्त फुगते, निवले की आक्रसते. स्क्रूखालची पकड सैल होते, तारेवर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो आणि जोड आणखी तापतो. १९७४मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज येथे अशा जोडणीतून लागलेल्या आगीत दोघांचा मृत्यू झाला. ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने पुढे जाहीर केले की, १९७२पूर्वी बनवलेल्या ॲल्युमिनियम तारांच्या घरांत एखादा तरी जोड आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट असते. म्हणून तपासनीस मुख्य पॅनेलचे झाकण उघडून तारांची टोके रुपेरी आहेत का, हे पाहतो. कोमट लागणारी स्विचची पट्टी किंवा लुकलुकणारा दिवा त्याच्या दृष्टीने किरकोळ नसतो. उपाय दोनच: घराला नव्याने तारा ओढणे, किंवा प्रत्येक जोडाला विशेष कनेक्टरने तांब्याचा तुकडा जोडणे.

पाण्याचे जीआय पाइप आतून गंजत जातात. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पाइपात पाण्याला बोटभरही वाट उरत नाही. एका वेळी दोन नळ सोडून पाहिले की धार मंदावते आणि दुखणे कळते. सांडपाण्याचे बिडाचे पाइपही जुने होऊन तडकतात, पण खरी आपत्ती आहे ती ‘ऑरेंजबर्ग’ पाइपांची. लाकडाचा लगदा कोळशाच्या डांबरात भिजवून केलेला हा पाइप न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंजबर्ग गावी तयार होई. युद्धकाळात लोखंड दुर्मीळ झाले आणि नंतर घरांची लाट आली, तेव्हा हलका, स्वस्त, करवतीने कापता येणारा हा पाइप घराघरांतून गटारापर्यंत पुरला गेला. मातीच्या दाबाने तो हळूहळू चपटा होतो आणि झाडांची मुळे आत शिरतात. त्याचे उत्पादन १९७०च्या दशकात थांबले. नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही, त्यासाठी पाइपातून कॅमेरा सोडावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. अशा घराच्या खरेदीत हाच खर्च सर्वांत सार्थकी लागतो.

काही दोष त्या काळच्या कौतुकाच्या मालातून आले. नऊ इंची चौकोनी टाइल, तिच्याखालचा काळा डिंक, पाइपांवरची वेष्टने यांत ॲस्बेस्टॉस असे. ते अखंड असताना सहसा त्रास होत नाही, दुरुस्तीत फोडले की तंतू हवेत उडतात. पोटमाळ्यावर पसरलेले व्हर्मिक्युलाइटचे चकाकते खडे मोंटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतले असू शकतात, आणि त्या खाणीच्या खनिजातच ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८मध्ये. त्याआधीचे घर विकताना शिशाची माहिती देणे १९९२च्या कायद्याने बंधनकारक केले.

न्यू जर्सी आणि ईशान्येकडच्या इतर राज्यांत आणखी एक गोष्ट जमिनीत दडलेली असते: हीटरच्या तेलाची पोलादी टाकी. घर गॅसवर गेले की टाकी विसरली जाते, गंजते, आणि मुरलेले तेल काढण्याचा भार बहुधा चालू मालकावर येतो. अंगणात उगवलेली एखादी हवेची नळी किंवा तळघराच्या भिंतीत कापून सोडलेली बारीक तांब्याची नळी हाच पुरावा. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी न्यू जर्सीत अशी घरे घेतली. पण सुरुवातीला अशा वसाहती सर्वांना खुल्या नव्हत्या: लेविटटाऊनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कुणाला राहू न देण्याचे कलम होते, आणि वंशावरून घर नाकारणे देशभर बेकायदा ठरले ते १९६८मध्ये. घरतपासणीत ही बाजू दिसत नाही, जुन्या कागदपत्रांत दिसते.

तपासनिसाचा व्यवसायही या घरांच्या मानाने तरुण आहे. दीर्घकाळ ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ हाच कायदा होता. १९७६मध्ये ‘अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स’ स्थापन झाली आणि काय पाहावे याचे प्रमाण ठरू लागले. न्यायालयांनी दोन मोठे धक्के दिले. कॅलिफोर्नियातील ‘ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर’ खटल्यात (१९८४) घर नीट न दाबलेल्या भरावावर होते आणि विक्रीनंतर जमीन खचली. उतारावरची जाळी आणि असमतल फरशी दलालाच्या नजरेस पडली होती, तरी त्याने पुढे चौकशी केली नाही. दलालाने स्वतः तपासून सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. पुढच्या वर्षी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गळक्या छपराच्या ‘जॉन्सन विरुद्ध डेव्हिस’ खटल्यात, माहीत असलेला मोठा दोष लपवणे विक्रेत्याला महाग पाडले. स्वतंत्र तपासनिसाची मागणी यातून वाढली.

तपासणीला मर्यादा आहेतच. तपासनीस भिंत फोडत नाही, सामान हलवत नाही, दिसते तेवढेच लिहितो. आणि अहवाल फक्त दोषांचा असल्याने या घरांचे चांगले गुण त्यात येत नाहीत, उदाहरणार्थ जुन्या जंगलांतल्या दाट रेषांच्या लाकडाचे सांगाडे. २०२०मध्ये व्याजदर घसरले, गिऱ्हाइकांत चढाओढ लागली आणि घर हातचे जाऊ नये म्हणून अनेकांनी तपासणीचा हक्कच सोडला. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२४च्या गृहनिर्माण कायद्याच्या आधारे त्याला आळा घातला. ऑक्टोबर २०२५पासून तिथे, मोजक्या अपवादांखेरीज, तपासणी सोडण्याच्या अटीवर घर विकता येत नाही. तपासणी करायची की नाही, हा निर्णय मात्र घेणाऱ्याकडेच राहिला आहे.