प्रसूतीच्या खोलीतून परसदारी

आमच्या परसात एक फणस आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याची एक जाड फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर टेकली आणि छाटणीचा विषय घरात निघाला. पूर्वी हे काम करायला गावातले एक काका यायचे, कमरेच्या आकडीत कोयता अडकवून. आता त्यांचे गुडघे झाडावर चढू देत नाहीत. मुलगा म्हणाला, ''बाबा, बॅटरीवरची चेनसॉ घेऊ या.'' मी तडकाफडकी नको म्हणालो. का नको, ते मात्र सांगता येईना. म्हणून या यंत्राची कुळकथा शोधायला बसलो. ती आज आपल्याला सांगणार आहे.

ही करवत लाकडासाठी जन्मलीच नाही, बरं का! अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये एडिंबरोचे जॉन एटकेन आणि ग्लासगोचे जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी बारीक दात्यांची एक साखळी वापरात आणली. दोन टोकांना दोन मुठी. हाडाभोवती गुंडाळायची आणि आळीपाळीनं ओढायची. एटकेन यांनी ती बाळंतपणात मूल अडलं की आईच्या ओटीपोटाखालचा हाडांचा सांधा मोकळा करण्यासाठी सुचवली होती. जेफ्री सडलेलं हाड काढायला वापरत. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. एडिंबरोत क्लोरोफॉर्म आलं ते १८४७ साली. म्हणजे काम जितकं लवकर उरकेल तितकी रुग्णावर दया, असा तो काळ. पुढे १८३० मध्ये जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या बर्नहार्ड हाइने यांनी पात्याभोवती फिरणारी अखंड साखळी केली. हातानं दांडा फिरवायचा, की साखळी पळायची. आजच्या चेनसॉचा खरा पूर्वज हाच.

लाकडाकडे ती वळली विसाव्या शतकात. आंद्रेआस श्टील यांनी स्टुटगार्टमध्ये १९२६ साली केलेली करवत विजेवर चालायची. वजन ६४ किलो, उचलायला दोन माणसं! पण जंगलात वीज कुठून आणायची? दुसऱ्याच वर्षी एमिल लेर्प यांची डोलमार ही पेट्रोलवरची करवत आली, १९२९ मध्ये श्टील यांनीही पेट्रोलचं यंत्र काढलं. एका माणसाला पेलणारं त्यांचं यंत्र यायला १९५० उजाडलं.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र एका अळीची आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ज्यो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. साखळीचे दाते सारखे बोथट व्हायचे, घासून घासून जीव जायचा. १९४६ साली एका ओंडक्यात त्याला भुंग्याची अळी दिसली. लाकडाच्या रेषेची पर्वा न करता ती डावीकडून-उजवीकडून आलटून पालटून कुरतडत चालली होती. तिच्या जबड्यावरून त्यानं दाते घडवले आणि १९४७ मध्ये कारखाना काढला. आजच्या साखळीतही डावा दाता, उजवा दाता अशीच जोडी असते.

बॅटरीचा भाग थोडक्यात सांगतो. १९६१ साली बॅटरीवरचं ड्रिल आलं, पण तेव्हाच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना करवतीचा भार झेपण्यासारखा नव्हता. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि पुढे तिच्यामुळे ही अवजारं खऱ्या अर्थानं वायरीतून सुटली. त्या बॅटरीच्या संशोधकांना २०१९ चं नोबेल मिळालं.

एवढं वाचून दुकानात गेलो. दुकानदार व्होल्टच सांगत होता. एका डब्यावर १८, दुसऱ्यावर २०. गंमत अशी, की बहुतेकदा दोन्हींत तेच पाच सेल असतात. पूर्ण भरल्यावरचा आकडा छापला की वीस, सरासरीचा छापला की अठरा! खरं पाहायचं ते व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ७२. ३६ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजेही ७२. साठा तेवढाच. माझ्या मते परसातल्या कामाला दहा-बारा इंचांचं पातं पुष्कळ झालं. त्याहून मोठं घेणं ही हौस. साखळीला तेल आपोआप मिळतं का आणि साखळीचा ब्रेक आहे का, हे मात्र विचारायलाच हवं. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला, की करवत उसळून तोंडावर येते. पेट्रोल गेलं, धूर गेला, आवाजही बराच कमी झाला. हा झटका मात्र गेलेला नाही. उलट आवाज नसल्यामुळे माणूस तिला खेळणं समजतो. माझ्या 'नको'चं कारण मला इथे सापडलं.

अखेर करवत आणली ती अटी घालून. शिडीवर चढून चालवायची नाही, खांद्याच्या वर उचलायची नाही, चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बॅटरी बसवायची नाही. पाऊस उघडल्यावर काकांना बोलावलं. उंचावरचं काम त्यांच्या पुतण्यानं दोर बांधून हातकरवतीनंच केलं. काका खालून सांगत होते, ''आधी खालून खाच दे, मग वरून काप, नाहीतर साल सोलवटत खोडापर्यंत येईल.'' फांदी दोराच्या आधारानं खाली उतरली आणि मग तिचे तुकडे मुलानं चेनसॉनं पाडले. पंधरा मिनिटांत! संध्याकाळी पाहतो तर साखळी फणसाच्या चिकानं माखलेली. बॅटरी काढून ठेवली आणि रॉकेलचा बोळा घेऊन मी अन् काका ओसरीवर एकेक दाता पुसत बसलो. डावा, मग उजवा.